दुखवट्याच्या वर्षी क्रुसासमोर

बाबा गेले त्या वर्षी मे महिन्यात क्रुसाच्या प्रार्थनेचा आमच्या घराचा दिवस जवळ आला, आणि आत्यानं आम्हाला न विचारता तो शेजाऱ्यांना देऊन टाकला.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. भाईंदरजवळच्या आमच्या पाली गावात गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस आहे. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढायच्या आधी रोज संध्याकाळी एकेका घरानं तिथं प्रार्थना ठेवायची. फुलांचे हार, मेणबत्त्या आणि आलेल्या सगळ्यांना उकडलेले चणे. एकानं पवित्र मारियेचं एकेक नाव सुरात घ्यायचं, बाकीच्यांनी ‘आमच्यासाठी विनंती कर’ म्हणायचं, आणि शेवटी देवाच्या गौरवाचं गाणं. आमच्या दिवशी नावं बाबा घ्यायचे. जेट्टीवर हाका मारून त्यांचा आवाज पार फाटला होता, पण शेवटच्या गाण्याला त्यांना असा चेव यायचा की आई पदराआड हसायची. देवाकडे मागायला आपण रोजच जातो, एक दिवस नुसतं त्याचं कौतुक करायला काय जातंय, असं ते म्हणायचे.

जानेवारीत छातीत दुखायचं निमित्त झालं आणि ते गेले. आत्या म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचं म्हणणं सरळ होतं.

"वरीस झालं न्हाय, आन् तुमी रस्त्यावं गानार?"

"आते, ते गानं काय आपल्या मजेचं हाय? देवाच्या गौरवाला पन दुखवटा लागतो काय?"

आई म्हणाली, "तुमचं तुमी बघा," आणि चुलीकडे वळली. मी शेजाऱ्यांकडे जाऊन आमचा दिवस परत मागून आणला.

बोलायला मी शूर होते. खरं सांगायचं तर अंत्यविधीपासून माझ्याही तोंडून एक ओळ निघाली नव्हती. देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, गायकांत मी दर रविवारी नुसते ओठ हलवत उभी राहायची. मी देवावर चिडले होते. आणि या वर्षी गायले नाही तर पुन्हा कधीच गाणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणून भाईंदरचं ऑफिस सुटल्यावर मी बसमधून दोन स्टॉप आधी उतरायची आणि चालत गाण्याची तयारी करायची. तिसऱ्या ओळीला मी अडायची. मी पुन्हा पहिल्यापासून धरायची. रिक्षावाले वळून बघायचे. बघेनात का.

आमच्या दिवशी माणसं आली. क्रुसाच्या प्रार्थनेला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पण आत्या ओठ मिटून सगळ्यांच्या पुढे उभी राहिली, आणि बायका तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी पहिलं नाव घेतलं. उत्तर नाही. दुसरं घेतलं. नाही. मग उत्तरही मीच द्यायला लागले. नाव मी, विनंती मी. एकेक नाव मी आत्याला ऐकवत होते, आणि आवाज असा चढला होता की कुत्रीसुद्धा लांब जाऊन बसली.

निम्मी नावं झाल्यावर माझं मलाच कळलं की ही प्रार्थना नव्हे, सुरात चाललेलं भांडण आहे. मला फार लाज वाटली. मी आत्याकडे पाठ केली, क्रुसाकडे तोंड केलं, आणि उरलेली नावं हळू घेतली.

मग शेवटचं गाणं. त्यात माझ्यासाठी काहीच नव्हतं. बाबा परत मिळणार नव्हते, कुणी शाबासकी देणार नव्हतं. देव थोर आहे एवढंच त्यात म्हणायचं होतं, आणि बाबा नसतानाही ते खरं होतं. तिसरी ओळ कधी आली, कधी गेली, कळलंही नाही. मला आनंद झाला. दुःख जिथल्या तिथंच होतं, तरी झाला, आणि पोटभर झाला.

गाणं संपल्यावर मी चण्यांचं पातेलं घेऊन फिरले. आत्यानं माझ्याकडे निरखून पाहिलं.

"बापूस जाऊन चार म्हयने झाले, आन् तू हसतेस?"

गाल ओले होते एवढं मला जाणवत होतं. हसतेय हे मला तिच्याकडून कळलं.

"हां आते, हसतेय," मी म्हणाले आणि तिच्या ओंजळीत चणे घातले. "आन् रविवारी देवळात पन अशीच गानार."