इंजिनाचं नाक

शनिवारची दुपार होती. अप्पांचा डबा घेऊन मी कडोदऱ्याच्या कारखान्यात पोचले, तर जनरेटरच्या खोलीत शेठ, फिटर आणि अप्पा तिघंही इंजिनाभोवती उभे... नव्वदच्या दशकातली गोष्ट, मी तेव्हा आठवीत होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. लाइट गेली की कापड विणायचे लूम थांबू नयेत म्हणून तिथलं डिझेल इंजिन सांभाळायचे. त्या दिवशी इंजिनाखाली तेलाचं थारोळं साचलं होतं. तेल बघायची पट्टीसुद्धा आपोआप वर आली होती.

“पिस्टनच्या रिंगा गेल्या. पूर्ण खोलावं लागेल,” फिटर म्हणाला.

शेठ अप्पांना गुजरातीत म्हणाले, “तमे ध्यान नथी राख्युं, अप्पाभाई.” म्हणजे तुम्ही लक्ष ठेवलं नाही. मग सोमवारपासून दुसरा माणूस बघतो, असंही म्हणाले.  अप्पा नुसते हात पुसत राहिले...

आणि माझी नजर इंजिनाच्या मागे गेली.

तिथे एक पाइप होता. इंजिनाच्या पोटातला तेलकट धूर त्यातून बाहेर पडायचा. टोकाला डबीसारखी टोपी, तिच्यात तारेची जाळी. खरं नाव ब्रीदर, पण कारखान्यात सगळे त्याला ‘नाक’ म्हणायचे.

शेजारच्याच खिळ्याला अप्पा सदरा अडकवायचे. महिनाभर तो सदरा रोज तेलाचे ठिपके घेऊन घरी येत होता, आणि आई घासून घासून थकत होती. म्हणून आदल्या दिवशी, इंजिन बंद असताना, मी आईच्या जुन्या नायलॉन साडीची चिंधी तिहेरी करून त्या नाकावर घट्ट बांधली होती. केवढं शहाणपणाचं काम केलं, असं वाटलं होतं मला...

मी म्हटलं, “अप्पा, ती चिंधी मी बांधली.”

अप्पांनी वाकून चिंधी सोडली. पट्टी दाबून बसवली, तेल भरलं, इंजिन सुरू केलं. आम्ही चौघंही खाली फरशीकडे बघत होतो... एक थेंब पडला नाही.

फिटर हसायलाच लागला. “नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात... इंजिनाचं पण उघडतं की हो. धूर आत कोंडला नि तेल बाहेर ढकललं.”

आता मला बोलणी बसणार, असं वाटलं. पण अप्पा शेठना म्हणाले, “पोरीचं काय घेऊन बसता? चूक माझी. महिनाभर जाळी धुतली नाही मी. ती साफ असती, तर सदऱ्यावर तेल उडालंच नसतं.”

 शेठ म्हणाले, “तो हवे धोई नाखो.” मग आता धुऊन टाका. दुसऱ्या माणसाचा विषय पुन्हा निघाला नाही.

लिंबायतला घरी परतताना मी सायकलच्या कॅरिअरवर बसले होते. अप्पा मागे न बघता आमच्या अहिराणीत एवढंच म्हणाले, “माय, त्याले बी सास लागस.” त्यालाही श्वास लागतो...

पुढे दर शनिवारी जाळी आम्ही दोघं मिळून धुवायचो. रॉकेलमध्ये बुडवायची, उन्हात वाळवायची, डोळ्यासमोर धरून पलीकडचा उजेड दिसतोय ना बघायचं. सदरा त्याच खिळ्याला असायचा, अगदी स्वच्छ.

आज घरात कुणी उगाच भडकलं, की मी आधी मागे जाऊन बघते... त्याच्या नाकावर मीच मायेनं एखादी चिंधी बांधून ठेवलेली नाही ना.