पाइपात राहिलेली हवा

हे मी कोणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. देवापुढेही हात जोडले की हा विषय मी बाजूला ठेवते. तुम्हाला का सांगते? धीर आला म्हणून नाही. भीती आता पोटात मावत नाही म्हणून.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पन्नाशीत मी तळेगाव ढमढेऱ्याजवळच्या एका कारखान्यात लागले. तिथे नळाच्या प्लॅस्टिकच्या जोडण्या बनायच्या — आटे नाहीत, चिकटवणं नाही, पाइप नुसता आत ढकलायचा की आतले स्टीलचे दात तो धरून ठेवतात. माल बाहेर जाण्याआधी आम्ही बायका तो दाबाखाली तपासायचो. एकीने पाइपावरच्या पेनच्या खुणेपर्यंत पाइप आत ढकलायचा. दुसरीने पाणी भरायचं, वरची तोटी उघडून हवा काढायची, तोटी बंद करायची, मग हातपंप मारायचा आणि दाबाच्या घड्याळाचा काटा उतरतो का ते बघायचं. ढकलणारी सुनंदा. पंपावर मी. ती माझ्यापेक्षा बरीच लहान, मला आक्का म्हणायची.

हवा का काढायची, हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. नुसतं पाणी असेल तर खराब जोड फिसकन गळतो, बस. हवा राहिली तर ती दबून बसते, आणि जोड सुटला की गोळीसारखा उडतो. मला माहीत नव्हतं असं मी म्हणू का? माहीत होतं.

थंडीचे दिवस होते. तोटी उघडली की गार पाणी थुंकत यायचं, बाही भिजायची, दिवसभर अंगाला चिकटायची. एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं. त्या सकाळी मी तोटी उघडलीच नाही — सरळ पंप मारला.

सुनंदा वाकून जोड बघत होती. तो सुटला आणि तिच्या डाव्या डोळ्यावर बसला.

सुपरवायझर आला. पाइप सुटून पडलेला बघून म्हणाला, "खुणेपर्यंत ढकलला नसणार हिनं." सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या, कारण टेबलावर दुसरी मीच होते. खूण आत गेलेली मी डोळ्यांनी पाहिली होती. जोडच खराब होता, आणि हवा माझी होती. मी काय केलं? मान हलवली. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही — नुसती मान. तेवढी पुरली.

डोळा गेला. तिला कामावरून काढलं. मी आणखी बरीच वर्षं त्याच टेबलावर होते, आणि प्रत्येक वेळी हवा काढत होते.

सुनंदा आता दौंडकडे, कासुर्डीला मुलाजवळ राहते. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. "आक्का, नव्या घराची पाइपलाइन तपासायचीय. तुमच्याबिगर माझा कुणावर भरवसा न्हाई." नाही कसं म्हणणार? एसटी धरून कासुर्डीला गेले.

प्लंबरने पाणी भरलं आणि हवा न काढता पंपाला हात घातला. सुनंदा भिंतीजवळ वाकून एकेक जोड चाचपत होती. मी पंपाचा दांडा धरला. "आधी हवा काढ."

"काय हुतंय आजी तेवढ्यानं? पाणी भरलंय की."

"ऐक त्यांचं," सुनंदा म्हणाली. "तू चड्डीत व्हतास तवापासून त्या हेच करत्यात." मग ती माझ्याकडे वळली. एकच डोळा, पण सरळ माझ्यावर. "पर आक्का, हवा ऱ्हायली तर काय हुतं वं?"

तिने सहज विचारलं की ओळखून विचारलं? मला आजही कळत नाही. सांगायची वेळ तीच होती — ती समोर, मी समोर.

मी म्हणाले, "काटा नीट दावत न्हाई."

तिने मान हलवली. प्लंबरला म्हणाली, "पाइप मातुर खुणेपतुर ढकल बाबा. माझा डोळा माझ्याच हातानं गेला. मी अर्धवट ढकलला व्हता." असं तिने मुलालाही सांगितलं असणार, सुनेलाही. तिला आता तसंच आठवतं. ते मी तिच्या डोक्यात बसवलं.

काटा उतरला नाही. लाइन पक्की निघाली. तिने बाजरीची भाकरी आणि मेथीची भाजी वाढली, मी खाल्ली. निघताना सुनेला हाक मारून तिने नारळ आणि खण मागवला. "माझ्या थोरल्या भनीसारख्या हैत ह्या," असं सुनेला म्हणाली आणि ओटी भरायला उभी राहिली.

मी पदर पुढे केला.