चूक वैशालीची नव्हती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर माझ्या पगारापासून पित्तापर्यंत सगळं ठाऊक असतं. आज सांगतोय ते धीर आला म्हणून नाही. लपवून लपवून कंटाळलो, एवढंच.

ठाण्यातली आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी. डायलिसिस केंद्रात पेशंटच्या वेळा लावणारा प्रोग्रॅम करत होतो. पेशंटची नावं ठेवायला प्रोग्रॅमिंगच्या भाषेत तयार लिस्ट मिळते. मी तिलाच वाढवून आमचा क्लास, म्हणजे कोडचा साचा, केला — नाव घालताना मशीन आधीच कुणाला दिलंय का, हे तपासणारा. शेजारी वैशाली बसायची, शहाडची. म्हणाली, "अरे, तिला वाढवू नकोस. आपला वेगळा क्लास लिहू, लिस्ट आत ठेवू. नाहीतर नावं आत शिरायच्या तिच्या सगळ्या वाटा उघड्या राहतात." मी चारचौघांत तिची थट्टा केली — आयतं ताट वाढलेलं असताना हिला चूल पेटवायचीय. सगळे हसले. तीही हसली. मी सीनियर होतो ना.

मग एका सकाळी कल्याणच्या केंद्रात एकाच मशीनसाठी दोन पेशंट आले. त्यातल्या आजोबांना तसंच घरी पाठवलं. संध्याकाळी दम लागून त्यांना ॲडमिट करावं लागलं. वाचले — पण चूक कुणाची?

मीटिंगमध्ये साहेबांनी कोडमधली एक ओळ पडद्यावर दाखवली. सगळी नावं एकदम घालणारी, वैशालीने लिहिलेली. ओळ बरोबर होती. माझा क्लास एकेक नाव घातलं तरच तपासायचा. एकदम घातली की सगळी न तपासता आत. मला बघताक्षणी कळलं. तिला — तिला तेव्हा फक्त ते आजोबा दिसत होते. साहेब तिला बोलत राहिले आणि मी पाण्याची बाटली उघडत बसलो. तहान लागली होती का? कसली तहान.

तिला काढलं. नंतर मी तो क्लास तिने सांगितला होता तसाच लिहिला. साहेबांनी शाबासकी दिली. मी घेतली.

मध्यंतरी कोपर स्टेशनबाहेर भाजी घेताना भेटली. कोड लिहिणं सोडलंय म्हणाली, परत कुणाच्या जिवावर बेतलं तर? मग म्हणाली, "सगळे ओरडलेले रे माझ्यावर. तू तेवढा गप्प राहिलेलास. ते मी विसरले नाही."

मी तिची पिशवी उचलून रिक्षात ठेवली. तेव्हाही गप्पच राहिलो.