कोपऱ्यातला कीबोर्ड
आतल्या खोलीतून बटणांची खटखट आली की मला लॅमिंग्टन रोडवरचं ते कॉम्प्युटरचं दुकान आठवतं. मेंदूच्या झटक्यानंतर पप्पा चार महिने गप्पच होते. त्यांना कितपत कळतंय, हे परळच्या डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. मला गेमिंगसाठी स्वस्तातला मेकॅनिकल कीबोर्ड हवा होता, आणि घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून त्यांनाही सोबत नेलं होतं. मी दोन मॉडेलांत अडकलेली असताना त्यांनी काउंटरवरचा कीबोर्ड पुढे ओढला आणि दहाही बोटांनी टाइप करायला लागले. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा उमटत होता. दुकानदार हळूच म्हणाला, "ताई, काकांना बाहेर बसवा जरा." मग एकदम आठवलं, पप्पांचा सगळा जन्म कचेरीत मराठी टाइपरायटरवर गेलेला. दुकानाच्या कॉम्प्युटरवर पाट्यांसाठीचा जुना मराठी फॉन्ट सापडला, अक्षरं टाइपरायटरच्याच बटणांवर असलेला. मी तो लावला, आणि त्याच कचऱ्याची सरळ ओळ झाली: "हा फार कडक आहे. कोपऱ्यातला दाखवा, स्वस्त दिसतोय." तोच घेतला. गेम मी आता फोनवर खेळते.