अ‍ॅपच्या आत उघडलेला फॉर्म

त्या दुपारचा राग अजून गेलेला नाही. नेमका कुणावर काढायचा ते कळत नाही, म्हणून जास्तच येतो.

धाकटी बहीण दहावी झाली होती. अकरावीला तिला लातूरला जायचं होतं. थोरल्या अप्पांनी, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाने, एकच अट घातली होती. समाजाच्या मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली तर लातूर, नाहीतर इथेच मुखेडला. फॉर्म ऑनलाइन होता. आमच्या घरात महत्त्वाचा कागद थोरल्या अप्पांच्या हाताने भरतात, आणि तोही सोमवारी, महादेवाच्या वारी. त्यामुळे फॉर्म आठ दिवस नुसता पडून राहिला. सोमवार उजाडला तो शेवटचाच दिवस होता, मुदत पाचपर्यंत.

मी नांदेडला मामांकडे राहून इंग्रजी शाळेत शिकले. मुखेडला मी तोंड उघडलं की लोक आधी माझ्या मराठीला हसतात, मग मी काय म्हणाले ते ऐकतात. म्हणून मी शक्यतो गप्प असते.

तीन वाजता अप्पा आमच्या कापडाच्या दुकानात गादीवर बसले, आम्ही भोवती उभे राहिलो, आणि घरच्या ग्रुपवर आलेल्या लिंकवर त्यांनी बोट ठेवलं. पान उघडलं, पण ब्राउझरमध्ये नाही, ग्रुपच्याच अ‍ॅपच्या पोटात. वर एक बारीक पट्टी, एका कोपऱ्यात फुली, दुसऱ्या कोपऱ्यात तीन ठिपके, खाली फॉर्म. बघणाऱ्याला वाटावं, आपण अजून ग्रुपमध्येच आहोत. अप्पांनी एकेक अक्षर शोधत अर्धा तास भरलं. मग मोबाईलवर कोड आला. तो बघायला त्यांनी मागे जायचं बटण दाबलं. पान मिटलं, भरलेलं सगळं गेलं.

"आरं, कुठं गेलं हे?"

"पुन्हा भरा दादा," वडील म्हणाले.

पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. साडी बघायला आलेल्या एक मावशी हसल्या, "अप्पा, फॉर्म भरायलेत का लुगडं मोजायलेत?"

मला पहिल्याच वेळी कळलं होतं. त्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवायचं आणि ब्राउझरमध्ये उघडायचं, एवढंच होतं. हे ज्यांनी बनवलं त्यांना माणूस आपल्या अ‍ॅपबाहेर जायला नको असतो, म्हणून बाहेरची वाट ठेवतात ती ठिपक्यांआड. त्यांचा राग येतोच. पण मी तासभर शेजारी उभी राहून काहीच बोलले नाही, त्याचं काय? बहीण एका ताग्याचं टोक दुमडत होती, सोडत होती, परत दुमडत होती.

तिसऱ्यांदा पान गेलं. चौथ्यांदा कोड मागवला तेव्हा अक्षरं आली, या नंबरवर आता उद्याच कोड मिळेल. साडेचार वाजले होते.

"उद्या बघू," अप्पा म्हणाले.

"उद्या बंद आहे तो!" माझा आवाज एवढा चढेल असं मलाच वाटलं नव्हतं. "अ‍ॅपच्या आत उघडताय म्हणून जातोय, अप्पा. बाहेर उघडायला पाहिजे."

"आत-बाहेर काय अस्तंय? समोर तर दिसतंय की. लई शानी झाली मॅडम."

मी माझा फोन काढला आणि ब्राउझरमध्ये तेच पान उघडलं. पालकांचा मोबाईल नंबर विचारला होता. वडील आपला नंबर सांगायला लागले. मी थांबले नाही, माझा टाकला. कोड आला, तो बघून परत आले तरी पान जागच्या जागी होतं. पाचला दहा कमी असताना अर्ज पोहोचला.

जागा मिळाली. पाहुण्यांत अप्पा सांगतात, "माझ्या हातानं भरला, सोमवारी." वडील मान डोलावतात. मी गप्प बसते, आणि त्याचाही राग येतो.

मात्र वसतिगृहाचे फोन मलाच येतात. "त्यांना माझा नंबर दे," अप्पा दोनदा म्हणाले. मी दिलेला नाही. मागच्या महिन्यात बहिणीला रविवारी घरी यायचं नव्हतं, जादा क्लासला थांबायचं होतं. वसतिगृहाच्या बाईंनी पालकांची परवानगी आहे का विचारलं. मी कुणालाही न विचारता हो म्हणाले.