बासुंदीचं पातेलं

मी उपकेंद्रातली नर्स. रहिमतपूरच्या अलीकडचं गाव, तेच माझं सासरही. एका पंगतीतले दोघं-तिघं जरी आजारी पडले तरी त्याच दिवशी तालुक्याला कळवायचं, हे मी आशाताईंना किती वेळा ओरडून शिकवलंय!

मोठे दीर फौजेतून निवृत्त झाले, तेव्हा घरी गावजेवण घातलं. खवा घातलेली बासुंदी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस जण पोट धरून माझ्या पायरीवर. मी फोन उचलला तोच थोरल्या जाऊबाई धावत आल्या.

"आगं, सरकारची गाडी दारात आली तर लोक काय म्हनतील? फौजीनं गावाला इख घातलं? न्हाई गं, तुझ्या पाया पडते."

आणि खरंच वाकल्या. थोरली जाऊ वाकली म्हटल्यावर मी विरघळलेच. म्हटलं, सलाईननं बरे होतील. झालेही. तालुक्याला जाणाऱ्या फोनवरच्या नोंदीत मी त्या एकोणीस जणांना आठवडाभर पांगवलं. आज तीन, उद्या दोन. तालुक्याला आमचं गाव ठणठणीत दिसलं. उरलेली बासुंदी तपासणीला जायला हवी होती, ती गटारात ओतून पातेलं मीच घासलं. घरच्या अब्रूसाठी केवढा तो हुरूप, माझ्या मेलीचा!

खवा कुठला, हे त्यामुळं कुणी विचारलंच नाही. दहाव्या दिवशी त्याच खवेवाल्याचे पेढे खालच्या वाडीत बारशाला गेले. बाळंतिणीला आणि तिच्या आईला माझ्याकडं आणलं, तेव्हा दोघींचे डोळे खोल गेले होते. या वेळी मात्र मी लगेच फोन केला. लेक वाचली, आई साताऱ्याला पोचायच्या आत गेली.

तालुक्याचे डॉक्टर माझ्या नोंदी चाळत म्हणाले, "सिस्टर, आधी कुठं एखादी पंगत आजारी पडली असती, तर हा खवा तेव्हाच धरला असता."

"व्हय," मी म्हणाले. एवढंच.

महिन्यानं ती पोरगी बाळाला घेऊन आली. हातात खण, नारळ, तांदूळ.

"आय गेली, ताई. पन तुमी हुता म्हनून मी तरी हाय. वटी भरती तुमची."

सांगावं असं वाटलं. देवाशपथ वाटलं. तिनं बाळ माझ्या खाटेवर ठेवलं, कुंकवाचं बोट माझ्या कपाळाला लावलं, आणि मी पदर पुढं केला.