दोन्ही लिव

सातवीत असताना आमच्या एका मास्तरांनी बौद्धवाडीतल्या आम्हा चौघांना भर वर्गात उभं केलं आणि इतरांना सांगितलं, "यांच्या लोकांचा आता चांगला उद्धार झालाय." माझी कानशिलं तापली. उद्धार झाला म्हणजे काय? कुणी केला? आम्ही काय चिखलात रुतलेली बैलगाडी होतो? घरी आई हाच शब्द वेगळ्या अर्थाने वापरायची. नळावरून आली की म्हणायची, "आज तिने माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला." म्हणजे शिव्या घातल्या. या शब्दाची खरी लायकी आईलाच कळली होती असं मला आजही वाटतं.

म्हणून २००३ साली पत्रक लिहायला बसलो तेव्हा मजकुराआधी मथळा सुचला: 'उद्धाराच्या नावाखाली'.

अमेरिका इराकवर चालून जाणार हे तोवर दिसतच होतं. आम्ही महाडची पाच-सहा पोरं. एक संघटना, एक बॅनर, दोन सायकली. वीस मार्चला चवदार तळ्यावर गावोगावहून माणसं येतात, त्या गर्दीत पत्रक वाटायचं ठरलं. बाकीचे म्हणाले, तेलावर लिही. मी म्हटलं, तेल कुणालाही कळतं, मुळाशी जाऊ. शंभर वर्षांपूर्वी हा देश पहिल्यांदा समुद्र ओलांडून दुसऱ्यांचं भलं करायला निघाला, तिथून धरू. हवाईच्या राणीला ऊसमळेवाल्यांनी गादीवरून उतरवलं आणि पुढे ती बेटं अमेरिकेने गिळली. क्युबाला स्पेनच्या तावडीतून सोडवतो म्हणून युद्ध केलं आणि येताना पोर्तो रिको, ग्वाम, फिलिपिन्स घेऊन आले. फिलिपिन्सचे लोक तर स्वतःच स्पेनशी लढत होते, स्वातंत्र्य जाहीर करून बसले होते. त्यांना न विचारता स्पेनने पॅरिसात बसून त्यांचा देश अमेरिकेला विकला. सातबारा कुणाचा आणि खरेदीखत करून देतंय कोण! खऱ्या मालकांनी हरकत घेतली तर त्यांच्यावर तोफा. आणि तोंडात भाषा काय, तर या लोकांना शिकवायचंय, सुधारायचंय.

मजकूर जळजळीत झाला होता. पण बाजारपेठेतल्या माणसाला फिलिपिन्स कशाशी खातात हे कुठे माहीत? हे मी आमच्या सभेच्या खुर्च्या वाहणाऱ्या टेम्पोवाल्याला सांगत होतो. तो तुडीलचा, बरीच वर्षं कुवेतला काढून परतलेला. तो हसायलाच लागला.

"अरे, माजी बायको तिथलीच हाय."

मला लॉटरी लागल्यासारखं झालं. साम्राज्यवादाचा जिताजागता पुरावा, तोही आपल्या तालुक्यात! दुसऱ्याच दिवशी मी तुडीलला गेलो. पुरावा बघायला गेलो होतो, माणसाला भेटायला नव्हे. हे तेव्हा कळलं नाही.

घराच्या पडवीत भिंतीला फळा टेकवलेला, समोर आठ मुली. सातवी-आठवीनंतर शाळा सुटलेल्या. टेम्पोवाल्याची बायको, म्हणजे भाभी, त्यांना इंग्रजी आणि गणित शिकवायच्या. जुलैत सतरा नंबरचा फॉर्म भरायचा आणि शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसायचं, असं त्या सगळ्यांचं ठरलं होतं. आठ घरांतल्या बापांना, भावांना राजी करायला भाभींना दीड वर्ष लागलं होतं, हे त्यांच्या सासूबाईंनी मला पाण्याचा तांब्या देतानाच सांगून टाकलं. सासूबाईंना सगळी वाडी अम्मी म्हणायची, मीही म्हणू लागलो.

भाभींची मराठी अम्मींकडून उचललेली, मध्ये मध्ये हिंदी. त्यांचं गाव फिलिपिन्सच्या दक्षिणेकडच्या बेटावर, मुसलमानांचं. तिथे स्पेनचं राज्य कधी धड चाललंच नाही, तरी स्पेनने तेही विकलं. त्यांच्या आजीचा बाप डोंगरात अमेरिकन फौजेशी लढला आणि मारला गेला. मी भराभर लिहून घेत होतो. मग त्या म्हणाल्या, फौजेच्या मागून मास्तर पण आले. शाळा काढली. बाप मारला त्यांच्याच शाळेत पोर गेली. गावात शिकलेली पहिली मुलगी ती.

माझं पेन थांबलं. ते त्यांच्या लक्षात आलं.

"आजी शिकली म्हनून आई शिकली. आई शिकली म्हनून मी नर्स झाली, कुवेतला आली. त्यांनी आजीच्या बापाला मारला. त्यांनीच आजीला शिकवला. दोन्ही लिव."

"नि कुवेतला आली म्हनून माज्या लेकाच्या गल्यात पडली," आतून अम्मी ओरडल्या. "ते पन लिव की रे!"

मुली खो-खो हसल्या. मीही हसलो, आणि वहीत दोन्ही लिहिलं.

छापखान्यात मात्र पत्रक कागदाच्या एका बाजूला बसेना. कॉम्प्युटरवर बसलेले काका म्हणाले, "अक्षर अर्ध्या पॉइंटने बारीक करतो. आजीची शाळा बसेल." बसली असती. जागा होती, हे मी कबूल करतो. मी म्हटलं, "नको काका, ती ओळ कापा." आमच्या संघटनेत शिकवणच तशी होती: पत्रक म्हणजे एक हातोडा, एक खिळा. अमेरिकन शाळेचं कौतुक मधे आलं की खिळा वाकतो. कापलेल्या जागेत मी उभ्या उभ्या एक वाक्य सांगितलं आणि काकांनी ते टाकलं: 'इंग्रजी हा आमच्या गळ्यात बांधलेला पट्टा आहे, असे तुडील येथे राहणाऱ्या एक फिलिपिनी भगिनी सांगतात.'

मला ते वाक्य फार आवडलं होतं. नाव छापलं नाही म्हणून मी स्वतःला जबाबदारही समजत होतो. तुडीलला फिलिपिनी बाई किती? एक.

वीस मार्चला पत्रकं वाटत होतो आणि त्याच दिवशी इराकवर बॉम्ब पडायला लागल्याची बातमी आली. आमचं पत्रक खरं ठरलं! लोक मागून घेऊ लागले. सांगायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी खूश होतो.

बाबा कोर्टात कारकून. दुपारी जेवताना त्यांनी पत्रक दोनदा वाचलं.

"ही बाई असं म्हणाली?"

"अर्थ तोच आहे."

"अर्थ तुझा. तोंड तिचं. साक्षीदाराचा जबाब मी असा उतरवला असता तर नोकरी गेली असती माझी." मग वरण ओढून घेत म्हणाले, "आणि तुझ्या इंग्रजीच्या शिकवणीला मी सहा वर्षं ओव्हरटाइम केला, तो पट्टा बांधायला का?"

मी तणतणत उठलो. बाबा सरकारी माणूस, त्यांना काय कळणार, असं स्वतःलाच समजावलं.

एप्रिलमध्ये उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी ऐटीत तुडीलला गेलो. पडवी रिकामी. फळा भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

"ये रे ये, उद्धार करनाऱ्या," अम्मी म्हणाल्या. "चांगला उद्धार केलास आमचा."

मला आधी वाटलं, थट्टा आहे. मग त्यांनी सांगितलं. पत्रक बाजारातून गावात आलं होतं. भाभींना देवनागरी सावकाश वाचता यायची, म्हणून वर्गातल्याच एका मुलीने त्यांना वाचून दाखवलं. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "भाभी, पट्टा हाय तर आमच्या गल्यात कशाला बांधतेस?" दुकानावर टोमणे सुरू झाले. ज्यांना मुलींचं शिकणं पहिल्यापासून नको होतं त्यांना छापील कागद मिळाला. आणि ज्यांचे बाप-भाऊ कुवेतला नोकरीला होते ते घाबरले. तिथे अमेरिकन फौजा बसलेल्या, आणि इथे आपली पोर शिकायला जाते त्या घराचं अमेरिकेविरुद्ध पत्रक! तिकडून फोन आले: पोरीला पाठवू नका. दोन आठवड्यांत आठही मुली बंद.

भाभी आतून आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मी पट्टा बोलली?"

"नाही," मी म्हटलं. मग सवयीने तोंड चालू झालं. दुसरं पत्रक काढतो, जाहीर खुलासा करतो, दोन दिवसांत छापून आणतो.

"माज्या नावानं परत काय छापू नको."

"मग मी घरोघर जातो. तुमच्या वतीने मी सांगतो सगळ्यांना..."

"माज्या तर्फे? परत तूच?"

तेव्हा सातवीतले मास्तर आठवले. माझ्याविषयी, मला उभं करून, मला न विचारता बोललेले. त्यांच्यावर मी दहा वर्षं दात खात होतो. आणि तळ्यावर ज्या दिवशी आमच्या माणसांनी कुणा उपकारकर्त्याची वाट न बघता स्वतः ओंजळ भरली, तो दिवस साजरा करायला आलेल्या लोकांच्या हातात मी दुसऱ्याच्या तोंडी घातलेला माझा शब्द वाटला होता. गठ्ठा तसाच घेऊन उठलो.

"तो ठेव," अम्मी म्हणाल्या. "मागची बाजू कोरी हाय. पोरी आल्या तर गनितं सोडवतील."

पोरी आल्या तर. त्यासाठी पुढचे दोन महिने भाभी स्वतः एकेका घरी गेल्या. काय बोलल्या मला माहीत नाही, मला विचारायचा हक्कही नव्हता. जूनमध्ये फळा पुन्हा सरळ झाला. तिघी परत आल्या, तिघींचे फॉर्म भरले गेले, तिघी पुढच्या मार्चला बसल्या आणि पास झाल्या.

या गोष्टीला आता पाच वर्षं होतील. संघटनेत मी अजून आहे, अमेरिकेबद्दल लिहिलेल्यातला एकही शब्द मागे घेत नाही. पण हे लिहिलं आणि छापायला देण्याआधी तुडीलला जाऊन भाभींना मोठ्याने वाचून दाखवलं. शाळेची ओळ आली तेव्हा त्यांनी मान हलवली. अम्मींनी विचारलं, "गल्यात पडली ते लिवलास ना?" लिहिलंय म्हटलं. शेवट 'पास झाल्या' इथे केला होता. वाचून वही मिटली.

भाभी म्हणाल्या, "तिघी लिवल्या. पाच नाय आल्या, त्या कुठं?"

पाच मुली परत आल्या नाहीत. त्यांचे फॉर्म भरले गेले नाहीत.